काजळराणीचा रंग

बोरिवली,
सोमवार, ८ जुलै २०२४

ती. स्व. शुभाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल मी तुझ्या 'मंदारद्वीपा'ला नावं ठेवली आणि तू फोन ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. हे तरी मध्येच ठेवून देता येत नाही. येतं म्हणा, पण मला कळणार नाही.

झालं असं. आमच्या सोसायटीत मी पोरांना गोष्टी वाचून दाखवते, तुला ठाऊकच आहे. शनिवारी मोठ्या तोऱ्यात 'मंदारद्वीपा'चा तिसरा भाग काढला, घाटकोपरच्या घरी दुपारी तू मला वाचून दाखवायचीस तो. माझ्या डोक्यात काजळराणी, राजपुत्राला खांद्यावर घेऊन दलदल पार करणारी. वाचायला लागले तर ती राणी नाहीच, राक्षसीण आहे! वर्ण काजळाचा आणि मनही तसंच, असं चक्क छापलंय. ती राजपुत्राला दलदलीत ओढते, तो तिला बांधतो आणि गोऱ्यापान राजकन्येची पालखी वाहायला लावतो. ती राजकन्याही अख्ख्या पुस्तकात एक शब्द बोलत नाही, नुसती लाजते.

पोरांना मी दलदलीपर्यंतच वाचलं आणि थांबले, बाकीचं रात्री एकटीने वाचलं. शौनकचे बाबा, चंद्रप्रकाश, म्हणाले की जुना काळ होता, तेव्हा असंच लिहायचे, एवढं काय त्यात. आमची शेजारीण रुचिरा म्हणाली, रद्दीत घाला. मला दोघांचंही पटलं, हीच तर पंचाईत.

पण आज सकाळी आमच्या दिशाने माझा पावडरचा डबा दप्तरात घातला. आठ वर्षांची पोर! कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली की त्या राक्षसिणीसारखं दिसायला नको.

आत्या, तुझी आवृत्ती वेगळी होती का? असेल तर पाठव. वीस तारखेला पोरांना उरलेली गोष्ट हवी आहे आणि काय वाचू ते मला कळत नाहीये. रागावली असलीस तरी उत्तर लिही. तेवढा लोभ शिल्लक असेलच.

तुझी,
अस्मिता


मुलुंड,
१२ जुलै २०२४

चि. अस्मितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वेगळी आवृत्ती नाही. तू वाचलंस तेच छापलेलं आहे. बाकीचं माझ्या पदरचं.

तू सहा वर्षांची होतीस, माझ्या मांडीवर बसलेली. वर्ण काजळाचा, एवढं मी वाचलं आणि तू वळून विचारलंस, आत्यासारखी का? आणि आनंदाने टाळ्या पिटल्यास. त्याच आठवड्यात पाचव्या स्थळाने नकार कळवला होता, मुलगी गुणी आहे पण, एवढंच लिहून. 'पण'च्या पुढचं घरात सगळ्यांना पाठ होतं. आणि इथे तू टाळ्या पिटत होतीस. पुढची ओळ माझ्याने वाचवेना, राक्षसिणीची राणी करून टाकली. मग एक खोटं सावरायला शंभर खोटी. बाराही भाग सावरत बसले.

तत्त्वबित्त्व काही नव्हतं गं. ते पुस्तक मला आजही आवडतं, म्हणून तर तुझा राग आला. बोट धुक्यातून बाहेर येते ते पान वाचलं की अजून अंगावर काटा येतो. ज्या हाताने ते लिहिलं त्याच हाताने हेही लिहिलं, याचं काय करायचं ते त्रेसष्टाव्या वर्षीही मला कळलेलं नाही. आणि राजकन्या बोलत नाही हे तर तू सांगितल्यावर लक्षात आलं! स्थळं बघताना मला तरी कोण काय विचारत होतं? म्हणून खटकलं नसेल.

तू माझीच गोष्ट वाच. पोरं खूश होतील. दिशाला जवळ घे, आणि या म्हातारीला खोटारडी म्हणालीस तरी मनातून काढू नकोस.

तुझी,
आत्या


बोरिवली,
१६ जुलै २०२४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. इतकी वर्षं ज्या पुस्तकावर जीव टाकला ते कोणी छापलेलंच नाही! मोठी झाल्यावर उघडलं नाही, कारण ते मला पाठ होतं. आणि मी जगाला सांगत फिरते की मुलांपासून काही लपवू नये.

तुझी गोष्ट वाच म्हणतेस. पण दिशाला वाचता येतं, पान उघडलं की माझं खोटं पकडेल. छापलंय तसं वाचावं, तर पावडरचा डबा अजून तिच्या दप्तरातच आहे. निलेश म्हणतो, दुसरं पुस्तक घे. नवऱ्यांना सगळं सोपं वाटतं. शनिवारी काय करीन, देव जाणे. चिडले असले तरी तुझीच आहे, हे धरून चाल.

अस्मिता


बोरिवली,
२१ जुलै २०२४

प्रिय आत्याआजी,
साष्टांग नमस्कार. (असं लिहायचं असतं, आईने सांगितलं.)

काल आईने आधी छापलेलं वाचलं. मग पुस्तक मिटून तुझी गोष्ट सांगितली. तू ती का बदललीस आणि आईने टाळ्या कशा वाजवल्या, तेपण सांगितलं. शौनक म्हणाला, छापलेलं असतं तेच खरं. मी म्हणाले, छापणाऱ्याने राणीला बघितलं होतं का? मग खूप भांडण झालं. चंद्रप्रकाशकाका आणि रुचिरामावशीपण भांडले. आई कोणाच्याच बाजूने नव्हती. ती म्हणाली, मला अजून कळत नाहीये. मोठ्या माणसांना कळत नाही असंपण असतं, हे मला माहीत नव्हतं.

आता आम्ही चित्रं काढून पुस्तकात चिकटवणार आहोत. राजकन्या शौनक काढणार आहे, पण ती काय बोलते ते मी लिहिणार. राणी माझ्याकडे आहे. आई म्हणते, ती तुझ्यासारखी होती. पण तू लांब मुलुंडला, आणि मला आरशात बघून लगेच काढता येते. म्हणून माझ्यासारखी काढली. चालेल ना?

उत्तर लवकर पाठव आणि माझे लाड कर.

तुझी,
दिशा

ता. क. पावडरचा डबा आईला परत दिला. चित्रावर सांडला असता तर राणीचा रंग गेला असता.