चौऱ्याहत्तर सालचा रंग

१२ फेब्रुवारी. सकाळी.
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
एग्या एशुन थकले. (आम्ही घानात वडीलधाऱ्यांना एग्या म्हणतो.) केप कोस्टचा त्यांचा फोटो स्टुडिओ आता सोडणार. त्यांची नात एफुआ, तिचं लग्न मी आणि मानसा दोघांनी टिपायचं. जिचं लग्न, तिला ज्याचा अल्बम आवडेल, त्याला स्टुडिओची किल्ली. मानसा म्हणजे लॉरी स्टँडवर पासपोर्ट फोटो काढणारी बाई. ही काय स्पर्धा झाली? किल्लीला अडकवायला एक साखळी बघून ठेवली.

१५ फेब्रु.
माझं हत्यार तयार होतंय. कॉम्प्युटरवर डिजिटल फोटोला जुन्या फिल्मचा रंग द्यायचा. १९७४चा. केशरी झाक, रवाळ पोत, गडद सावल्या. हल्लीच्यांना चकचकीत मोबाईल फोटो लागतात. डोळे आहेत, नजर नाही.

१९ फेब्रु.
रंग जमला. एग्यांना दाखवला. बराच वेळ बघत बसले. म्हणाले, अगदी तसाच आलाय रे एबो. मग मोठा सुस्कारा सोडला. तरुणपण आठवलं असणार.
निघताना एक जुनी पांढरी चादर हातात कोंबायला लागले. लग्नात लागेल म्हणे. मी काय तिथे झोपायला जाणार आहे? घेतली नाही.

२५ फेब्रु.
पाच दिवस लिहिलं नाही. कामात होतो.
मानसाशी वाद घालायचा नाही असं ठरवलं होतं. घातला. मी म्हटलं, तुला फिल्मचा गंध तरी आहे का? म्हणते, नाही दादा, मला फक्त माणसं ओळखू येतील एवढं जमतं. पासपोर्टची अक्कल.

२ मार्च, शनिवार.
लग्न. चर्चबाहेर रणरणतं ऊन. मानसा आली ती एग्यांची चादर घेऊन. दोन मावशांना टोकं धरून नवरीपुढे उभं केलं. मी मोठ्यानं म्हटलं, धुणं वाळवायचं तर मागे अंगण आहे. कुणी हसलं नाही. या गावाला विनोद कळत नाही.
जोलोफ भात बरा होता. दोनदा घेतला.

९ मार्च.
एफुआने माझा अल्बम उघडला. पाचव्या पानावर विचारते, यात माझी आई कोणती? मी दाखवली. म्हणते, ही तर आत्या. मीही जरा वाकून पाहिलं. केंटेची वस्त्रं झळकत होती, वर सगळा अंधार.
एग्या म्हणाले, पोरा, ती फिल्म गोऱ्या कातडीसाठी बनवलेली. आपले चेहरे त्यात बुडायचे. चाळीस वर्षं चादरीनं तोंडावर उजेड मारून मी एकेकाला वर काढलं. तू कॉम्प्युटर लावून पुन्हा बुडवलंस.
किल्ली मानसाला.
अडाणी लोक. मला काही वाटलेलं नाही. रात्रीची मक्याची केंकी ताटात तशीच राहिली, मासाही. रडू आलं, पण ते हवेतल्या धुळीनं.

२१ मार्च.
शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा निघालीय. अर्जाला फोटो हवा. माझे मीच सतरा काढले. एकही धड नाही.
मानसाकडे गेलो. लगेच स्टूल पुढे सरकवलं, तेवढं बरं. चादर एग्यांनीच धरली. फोटो चांगला निघाला. माझी हनुवटी आईसारखी आहे हे मला आज कळलं.
घरी येऊन त्याला माझा रंग दिला. शर्ट तेवढा राहिला.
अर्जाला साधाच लावला.