पूनमची शिफ्ट

७ मार्च २००५, सोमवार

नाइट करून आलो तर दाराला कुलूप! किल्ली पूनमकडे, आणि पूनम कुठं — देवालाच ठाऊक. पायरीवर बसलो. घरमालक गेणबा मामा शेळीला पाला टाकत होते. म्हणाले, "पावनं, मंडळी कामावर गेली जनू. च्या घ्या आमच्यात." रात्रभर कंपनीत प्रेस मशीनवर उभा राहिलेला माणूस, बायको असून मालकाच्या चहावर!

बऱ्याच वेळानं बाईसाहेब आल्या. मागं परभणीकडचं एक कुटुंब — नवरा, बायको, पोरगी, पत्र्याची पेटी. "अवो, ही मानसं पहाटंच्या यष्टीनं उतरल्यात. कारेगावात कुनी ओळखीचं न्हाई. आधी त्यास्नी खोली दाखवली." मी म्हटलं, आणि मला कोण दाखवणार माझी खोली? ती हसली. मी नाही हसलो. हे लिहितानाही हसलेलो नाही.

१० मार्च, गुरुवार

सुट्टी. ठरवलं, आज हिचे तास मोजायचेच. हिची ही खोल्यांची एजंटगिरी म्हणजे नक्की किती काम आणि किती हुंदडणं, कळू दे एकदा. आमच्या कंपनीत बरं असतं. गेटवर कार्ड पंच करायचं, आत कधी, बाहेर कधी, वाद नाही.

उजाडायच्या आत ही कंपनीच्या बसथांब्यावर. कशाला? तर तिथं नवीन माणूस सापडतो. मित्राच्या खोलीत चार दिवस अंग टाकलेलं असतं, चेहऱ्यावरून कळतं म्हणे. बरं, हे काम धरलं. मग नळावर. हंडा एकच, गप्पा मात्र अख्ख्या आळीशी! कोण गाव सोडून चाललंय, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, कुणाची सासू आली आणि एका खोलीत भागेना. मी म्हटलं, हे काम? "मंग! खोली रिकामी व्हायच्या आदी मला कळाया पायजे. झाल्यावर तर समद्यांस्नीच कळतं." दुपारी कुणाच्या तरी बारशाला. तिथं पाळणा म्हटला, घुगऱ्या खाल्ल्या — काम! संध्याकाळी भाकऱ्या थापताना मोबाईल वाजला. पिठाच्या हातानं घेतला. मागच्या महिन्यात जिला खोली मिळवून दिली तिचा नळ गळतोय, आणि मालक ऐकत नाही. भाकरी तव्यावर टाकून ही मालकाची समजूत घालतेय.

मोजायचा नाद सोडला. आमच्या टाइम ऑफिसच्या साहेबानंही या बाईपुढं हात टेकले असते.

१९ मार्च, शनिवार

चौकातल्या हॉटेलात बापूसाहेब भेटले. शिरूरचे जमिनीचे मोठे एजंट. पांढरे कडक कपडे, कोपऱ्यातली खुर्ची ठरलेली. मला म्हणाले, "काय रविराज, मंडळी लई फिरत्यात म्हनं. ह्ये बायामानसाचं काम न्हाई बाबा. सकाळधरनं दिवे लागंस्तवर मानसात ऱ्हावं लागतं. कुनाचं लगीन सोडता येत न्हाई, कुनाचा दहावा सोडता येत न्हाई. तवा कुठं येव्हार बसतो."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर बरं वाटलं. घरी येऊन हिला शब्दन् शब्द ऐकवला. वाटलं चिडेल. तर म्हणाली, "बराबर बोलल्यात की. मानसातच तर ऱ्हाते मी. कारेगावात कुनाच्याबी तोंडात खोली म्हनलं की पूनम आली पायजे. तवर काय सोडत न्हाई."

हे वेड हिच्या डोक्यात मीच घातलं म्हणायचं. दौंडहून इकडं आलो तेव्हा मी कामावर, आणि हिनं एकटीनं अख्खं कारेगाव पायाखाली घालून ही खोली शोधली. कोपऱ्यातली, खालची. दोन खिडक्या, मागं गेणबा मामांचं रान, ट्रकचा आवाज नाही. नाइट करून आलं की दुपारपर्यंत ढाराढूर! लाइनवरच्या पोरांनी खोली पाहिली आणि हिच्या मागं लागले — वहिनी, आम्हालाबी असली बघा की. तिथून सुरू झालं.

२२ मार्च, मंगळवार

आज आम्ही दोघं एकमेकांना दिसलोच नाही. भाकरी मात्र फडक्यात होती. गरम.

२९ मार्च, मंगळवार

हिची फजिती झाली आणि मला हसताही आलं नाही.

नांदेडचा एक जण, कायम नाइटवाला. हिनं त्याला मस्त खोली दिली. स्वस्त, हवेशीर. चार दिवसांत तो डोळे लाल करून दारात. "ताई, डोळ्याला डोळा नाही." भिंतीपलीकडं म्हस्कूशेठचं ग्रिल-गेटचं दुकान! सकाळी नऊ वाजले की ग्राइंडर सुरू. मी म्हटलं, तुला खोली बघताना ऐकू आलं नाही? कपाळावर हात मारून घेतला तिनं. "अवो, मी गेले तवा लोडशेडिंग व्हतं! दुकान गप!"

दुसरा एजंट असता तर मोबाईल बंद करून बसला असता. ही त्या नांदेडवाल्याला घेऊन थेट दुकानात. भांडायला नाही. म्हस्कूशेठच्या म्हाताऱ्या आईची चौकशी केली, गेटची नक्षी बघितली, तिचं कौतुक केलं. तोवर तो बिचारा ग्राइंडरच्या आवाजात स्टुलावर बसल्या बसल्या झोपला. घोरायलाच लागला! म्हस्कूशेठ आधी हसले, मग उठून त्यांनी ग्राइंडर बंद केला. आता सकाळी मापं आणि रंगकाम, ग्राइंडर दुपारनंतर. चार दिवस झाले, शब्द पाळतायत.

यात हिला मिळालं काय? काही नाही. विचारलं तर म्हणाली, "त्यो झोपला ना." मला या बाईचं कधी कधी नवल वाटतं.

५ एप्रिल, मंगळवार

आतिफ आज बायकोला घेऊन घरी आला. माझ्याच लाइनवरचा, दौंडचा, म्हणजे गाववालाच. शिक्रापूरला हायवेवर राहतात, वरच्या मजल्यावर, लोखंडी जिना. तहमीनाला आठवा संपत आलाय. पहिल्या वेळी ती दौंडला होती आणि हा शिफ्टमध्ये. पोरगा झाल्याचं याला दुसऱ्या दिवशी कळलं. आता तिचं एकच म्हणणं — जिथं हे तिथं मी. सासू सरदारबी येऊन राहायला तयार आहेत, पण गुडघे गेलेत, तो जिना त्यांना चढवत नाही.

तहमीना म्हणाली, "पूनमताई, मोठी नको, रंगवलेली नको. फक्त खाली पाहिजे. आणि कंपनीजवळ."

"एप्रिल सपायच्या आत तू खोलीत असशील," पूनमनं सांगून टाकलं.

ते गेल्यावर मी म्हटलं, अगं, आधी खोली बघावी, मग शब्द द्यावा. तर माझ्याकडंच डोळे वटारून, "तिचं पोट थांबनार हाय का?"

१३ एप्रिल, बुधवार

खोल्या आहेत. नाव सांगेपर्यंत आहेत! भाडेकरूचं नाव सांगितलं की मालकाचा भाचा यायचा असतो. आज एका दिवसात चार भाचे निघाले. हे सगळे भाचे खरंच आले तर कारेगावात उभं राहायला जागा उरायची नाही.

हिनं गेणबा मामांना विचारलं. ते म्हणाले, "मला काय गं पोरी, मानूस सरळ असला म्हंजी झालं. मेंढरं घिऊन हिंडायचो तवा कितीक येळा मुसलमानाच्या वस्तीवर मुक्काम पडलाय. भाकर खाल्लीया त्यांची. पर खोली कुठं हाय? समद्या भरल्यात." म्हणजे जो देतो त्याच्याकडं नाही, आणि ज्याच्याकडं आहे तो देत नाही.

मला राग आला आहे. आतिफ माझ्या शेजारच्या मशीनवर उभा असतो. आज दोनदा त्यानं माझ्याकडं बघितलं. मीच नजर चुकवली.

१८ एप्रिल, सोमवार

गिरणीच्या अनसाबाईकडे एक खोली रिकामी आहे. खालची. गिरणीची धडधड असते म्हणून कुणी घेत नाही. तहमीनाला चालेल. अनसाबाईला तहमीना चालत नाही.

पूनम तीन दिवस तिच्याकडं कुरडया घालायला जातेय. पहाटे गव्हाचा चीक शिजवायला हजर, मग सोऱ्या दाबून दाबून दंड भरून आलेत. पहिले दोन दिवस खोलीचा विषयच काढला नाही. आज काढला. अनसाबाई म्हणाली, "पोरी, तुज्यासाटी जीव दीन. तू काय म्हनशील त्ये करीन. पर त्ये नगं. भावकी काय म्हनंल?"

मी असतो तर सोऱ्या तिथंच आपटून उठलो असतो. ही म्हणते, "भावकी काय म्हनंल, असं म्हनाली. मला नगं, असं न्हाई म्हनाली. आनखी बसून बघते."

आणि भर उन्हात तिथून शिक्रापूरला जीपनं. तहमीनाला धीर द्यायला. तिथून येऊन स्वयंपाक. त्यातच परभणीवालीच्या पोरीला बालवाडीत घालायचं होतं, तिकडंही जाऊन आली. मी आठ तास भरले की दमलो म्हणून पाय पसरतो. माझं काम भोंग्यावर संपतं. हिला भोंगा नाही, सुपरवायझर नाही, ओव्हरटाइम नाही, आणि तरी ही कामचुकारपणा करत नाही. मला कौतुक वाटतं हिचं. फार वाटतं. इथं लिहितो, कारण तोंडानं सांगायला गेलो तर माझं भलतंच काहीतरी निघतं — भाजीत मीठ कमी आहे वगैरे.

२३ एप्रिल, शनिवार

बापूसाहेब स्वतः दारात! मोटरसायकल लांबच लावून चालत आले. मला वाटलं, टोमणा मारायला. तर पूनमला म्हणाले, "बाई, त्या दौंडवाल्यांच्या पायी सोत्याला झिजवू नका. न्हाई घावायची खोली. मला गाव म्हाईत हाय. माझ्या हापिसात या, पगार देतो. असं मानूस आमच्या लायनीत न्हाई."

हिनं त्यांना पाणी दिलं, चहा दिला. म्हणाली, "बापूसाहेब, तुमी आलात, लई झालं. पर शब्द दिलाय." त्यांनी कप खाली ठेवला, हिला हात जोडले. मला नाही, हिला! छाती फुगली माझी.

ते गेल्यावर मात्र मी समजावलं. तू करायचं तेवढं केलंस. आता आतिफला सांगू, नाही जमलं. तोही समजूतदार आहे. तिनं ऐकून घेतलं. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती. "आज किती तारीख?" म्हणाली. तेवीस, म्हटलं. "हाय अजून येळ," म्हणाली आणि तशीच भिंतीला टेकून झोपली.

२६ एप्रिल, मंगळवार

अनसाबाईची ना ती ना. आज आतिफला सांगावं म्हणून डबा खाताना त्याच्या शेजारी बसलो. त्यानं मला अर्धी पोळी दिली. ती खाल्ली आणि उठलो.

२९ एप्रिल, शुक्रवार

आतिफ आज लाइनवर नव्हता. फर्स्ट शिफ्ट सुटली, बसमधून उतरलो, घरी आलो. दार उघडं. आत आतिफ स्टुलावर चढून आढ्याला पाळण्याची कडी बसवतोय! आमची कॉट नाही, भांडी नाहीत, काही नाही. सरदारबी माझ्या खिडकीपाशी पाय पसरून बसलेल्या. तहमीना म्हणाली, "या ना भाऊ. ताईंनी सांगितलं ना तुम्हाला?" मी म्हटलं, हो हो, सांगितलं. बसलो. चहा घेतला. दारातून गेणबा मामा नुसते हसत होते.

अनसाबाईनं हिला मात्र आनंदानं गिरणीच्या खोलीची किल्ली दिलेली, मामांनीच सांगितलं. गेलो तिथं. गिरणी सुरू. पूनम बोचक्यांवर बसून कांदा चिरत होती. ओरडलो — इथं ओरडूनच बोलावं लागतं — मला एका शब्दानं विचारायचं तरी!

"अवो, इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता," तीही ओरडली. "मंग तुमालाबी पटवत बसावं लागलं असतं. येवढा येळ कुठं व्हता?"

खरं आहे. मी नाहीच म्हणालो असतो.