जप्त नंबर पाट्या शुक्रवारपर्यंत परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. लाइल ग्रॅनबर्ग साहेब,
सरोवर संरक्षण अधिकारी,
बिर्कलंड काउंटी, मिनेसोटा.

विषय: जप्त केलेल्या नंबर पाट्या शुक्रवारपर्यंत परत मिळाव्यात आणि आमच्या १९७३ च्या स्टेशन वॅगनला ओढकामाची परवानगी मिळावी, याबाबत.

संदर्भ: दि. १ मार्च रोजी टर्नर तळ्याच्या उतारावर आपण स्वतः फाडलेली पावती.

महोदय,

आधी फक्त ऐकून घ्या. मधेच कागद बाजूला ठेवलात तर मला परत पहिल्यापासून लिहावं लागेल आणि तेवढा वेळ नाहीये, कारण शनिवारी सकाळी मिनियापोलिसहून एक दातांचे डॉक्टर येतायत आणि आमची वॅगन विकत घेऊन जाणार आहेत. तीही चालवत नाही. ट्रेलरवर चढवून.

१. मी मारिट टॉलेफसन, वय वीस, ऑरव्हिल टॉलेफसन यांची नात. आजोबांना तुम्ही ओळखता, गाडीला त्याहून जास्त ओळखता. हिरवी, बाजूंना लाकडासारखी पट्टी, आणि एवढी लांब की आमच्या गॅरेजचं दार गेली पन्नास वर्षं पूर्ण मिटलेलं नाही. आजोबांनी ती नवी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात मागे ओझं अडकवून ओढायचा लोखंडी गोळा बसवून घेतला. तेव्हापासून तिने बोट ओढली, चर्चचा ऑर्गन ओढला, एकदा तुमच्याच खात्याची चिखलात रुतलेली जीप ओढली, आणि दर हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे धरायची आमची लाकडी खोपी तळ्यावर नेली आणि मार्चमध्ये परत आणली. आजोबांचं एकच म्हणणं असतं, "ओढते तोवर ठेवायची. थांबली की ती शोभेची वस्तू, आणि शोभेच्या वस्तू मी घरात ठेवत नाही."

२. पाट्यांची चूक आमची, हे आधीच कबूल. दोन वर्षांपूर्वी गाडी नोंदणीच्या खिडकीवरची बाई म्हणाली, जुन्या हौशी गाड्यांच्या पाट्या घ्या, परत कधी रांगेत उभं राहायला नको. रांग म्हटलं की आजोबा कशावरही सही करतात. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की अशी गाडी फक्त प्रदर्शनाला आणि मिरवणुकीला न्यायची, तिने ओझं ओढायचं नाही. ते कुणी वाचलंच नाही. तुम्हीही दोन वर्षं आम्हाला ओढताना बघून हात हलवत होतात, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाहीये, फक्त लिहितेय.

३. आता त्या १ मार्चच्या रविवारचं. सोमवारपर्यंत सगळ्या खोप्या बर्फावरून काढायच्या होत्या. तो नियम तुमचाच. कडेच्या बर्फावर बोटभर पाणी आलेलं. माझा चुलतभाऊ कर्टिस पिकअप घेऊन येणार होता, कारण आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी मी चालवते आणि एकटीने बर्फावरून ओढायची माझी हिंमत होत नव्हती. वॅगनमधून मी नुसती कुऱ्हाड, फावडी आणि दोर घेऊन आले होते. खोपीच्या खालचा बर्फ फोडून झाला, ती मोकळी झाली, आणि कर्टिसचा फोन आला की गिअरबॉक्स गेला.

तेवढ्यात तुम्ही आलात. तुमच्या त्या मोठ्या सरकारी पिकअपमधून.

४. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण कागद वर जाईल आणि वरचे साहेब दुसऱ्या राज्यातून आलेत, म्हणून लिहिते. आपल्याकडे कुणी मदत विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली की उगाच तुम्हाला त्रास म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की बरं, म्हणता तर, असं म्हणायचं. पहिल्याच झटक्यात हो म्हणणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते अर्जात लिहिता येत नाही.

तुम्ही म्हणालात, "हात लावू का, मारिट?"

मी म्हटलं, "नको नको, होईल."

मग तुम्ही बर्फाकडे बघितलंत, वाऱ्याबद्दल बोललात, तुमच्या मुलीच्या बाळाच्या दाताबद्दल बोललात. मग म्हणालात, "नाही म्हणजे, गाडी उभीच आहे माझी."

मी म्हटलं, "तुमचा रविवार कशाला घालवता."

आणि साहेब, तुमचा रेडिओ वाजला. तुम्ही "बरं तर" म्हणालात आणि गेलात. तिसऱ्यांदा विचारलंच नाहीत. मी तिथे आ वासून उभी, "म्हणता तर" जिभेवर तयार.

५. म्हणून मी वॅगन लावली. सगळं आजोबांनी शिकवलं तसं केलं. चाळीस फुटांचा दोर, म्हणजे गाडीचं आणि खोपीचं वजन एका जागी पडत नाही. मागे वाळूची चार पोती, चाकं घसरू नयेत म्हणून हिवाळाभर गाडीतच असतात ती. सगळ्या काचा खाली, पट्टा सोडलेला, गाडी खाली गेलीच तर उडी मारता यावी म्हणून. आणि इतकं हळू की बाजूने एक बाई कुत्रा घेऊन चालत होती ती माझ्या पुढे गेली. मधे एकदा बर्फ असा वाजला की कुत्रा खाली बसला. मी नाही थांबले. थांबायचं नसतं. वॅगनने नुसती मान खाली घातल्यासारखं केलं आणि ओढत राहिली. उतारावर बेचाळीस माणसं कॉफी घेऊन बघत होती, मी नंतर मोजली, कारण एवढी माणसं बघायला जमली की त्याला प्रदर्शन म्हणता येतं का, हा माझा आणखी एक मुद्दा आहे.

वर आले तर तुम्ही परत आला होतात. तुम्ही आधी "शाब्बास" म्हणालात, हेही मी तारखेसकट लिहून ठेवलंय. मग पाट्यांकडे बघितलंत आणि म्हणालात, "नियम आहे गं. एवढ्या लोकांसमोर मी काय करू?" आणि स्वतःच्या पान्याने पाट्या काढल्यात.

६. आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. काठी टेकत अंगणात गेले, पाटीच्या रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला आणि आत येऊन त्या डॉक्टरांना फोन केला. ते तीन वर्षं मागे लागलेत, त्यांना ती चकचकीत करून दिवाणखान्याशेजारी उभी करायचीय. मी रोज सकाळी, दुपारी गाडी चालू करते, पाच मिनिटं बसते, बंद करते. दुसरं काही सुचत नाही. आजोबा म्हणाले, ओझं ओढता येईल अशा साध्या पाट्या मिळाल्या तर डॉक्टरांना नाही म्हणेन. त्यासाठी जुन्या पाट्या जमा कराव्या लागतात, त्या तुमच्या खणात आहेत, आणि बदलीच्या कागदावर तुमची सही लागते. खिडकी शुक्रवारी चारला बंद होते.

तरी विनंती की पाट्या आणि सही त्याआधी मिळावी. दंड मान्य आहे, तो मी भरते. फक्त एवढं सांगा, साहेब. बर्फ वाजतोय, खोपी सुटलेली आहे, आणि ज्यांनी तिसऱ्यांदा विचारायचं ते निघून गेलेत. माझ्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?

नम्रपणे, पण घाईत,

मारिट टॉलेफसन
मंगळवार, १० मार्च

सोबत:
१) पावतीची प्रत.
२) पाट्या बदलीचा अर्ज, आजोबांच्या सहीसह. सही वाकडी आहे, पण त्यांचीच आहे.
३) लिंबाच्या वड्यांचा डबा. ही लाच नाही. नको म्हणालात तर मी तीनदा विचारीन.