काईलीत उभा राहिलेला माणूस

१२ एप्रिल

पुरात फेटा! पुराच्या पाण्यात माणूस फेटा बांधून उतरतो का? शाळेच्या भिंतीवरचं ते चित्र बघून आज माझं डोकंच फिरलं.

ग्रामपंचायतीनं आमच्या शाळेची रस्त्याकडची भिंत 'गावाचे शूरवीर' म्हणून रंगवायला घेतलीय. धाडसाच्या खऱ्या गोष्टी मुलांना रोज येता-जाता दिसाव्यात, अशी कल्पना. मीटिंगमध्ये सगळ्यात आधी टाळ्या मीच वाजवल्या होत्या. शेवटचं चित्र साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुराचं. गूळ आटवायची काईल — ती पसरट लोखंडी कढई — नदीत तरंगतेय आणि तिच्यात सर्जेराव उभे. पीळदार मिशा, छाती पुढं, हातात वल्हं, पायाशी तान्हं पोर. नौमान पेंटर इचलकरंजीहून येतो, हात चांगला आहे त्याचा. म्हणाला, "बाई, आकारामदादांनी सांगितलं तसं काढलं. फेटा पण त्यांनीच वाढवला."

आकाराम या भिंतीच्या समितीचा अध्यक्ष. आणि सर्जेरावांचा नातू. मग काय, आपलाच हात आणि आपलीच पाठ!

१३ एप्रिल

सासूबाईंना चित्राचं सांगितलं तर भाकरी थापता थापता हसायलाच लागल्या. माहेरी त्यांचं गुऱ्हाळ होतं. "काईलीत हुबा? अगं, हुबा ऱ्हायला की काईल गिरकी घेतीया आन् माणूस पाण्यात! काईलीत बसायचं, ते बी बूड टेकून. आन् वल्हं कशाला? पवणारा पाण्यात असतोय. कडी धरून ढकलतोय."

मी विचारलं, मग सर्जेरावांची काईल कुणी ढकलली?

"ती काय म्हाईत बाबा. काईल तेवढी बाळाबाईच्या बापाची हुती."

म्हणजे काईलीत बसलेला माणूस वाचवणारा नव्हेच! वाचवला गेलेला! इतकी वर्षं गावात कुणाच्या डोक्यात हे आलं नाही? २०१९ ला, २१ ला निम्मं गाव काईलीतून बाहेर पडलं. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय, कोण आत बसतं आणि कोण पाण्यात असतं ते!

१५ एप्रिल

ज्यांच्या घरची काईल, त्या बाळाबाईंकडे जाऊन आले. ऐंशीच्या पुढच्या आहेत, सगळं गाव आक्का म्हणतं. सोप्यात बसून शेंगा फोडत होत्या. आडपडदा न ठेवता विचारलं, "आक्का, पुरात काईल तुम्ही ढकलली का?"

"व्हय. मीच ढकलली. बा तापानं पडलाता. मला पवायला येत हुतं. गेलो."

इतकंच! 'गेलो' — दुकानातून साखर आणायला गेल्यासारखं. सोळा-सतरा वर्षांची पोर, फुगलेल्या नदीत.

काईलीत कोण होतं?

"सर्जेराव हुतं आन् हुसेन. हुसेन तान्हा हुता."

मग इतकी वर्षं कधी बोलला का नाहीत? त्यांनी एकदाच माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा शेंगांत हात घातला. "काय बोलायचं त्यात? ऱ्हाऊ दे बाई."

राहू दे! आमच्या बायकांचं हे असंच. करायचं सगळं आणि वर 'राहू दे'. घरी येईपर्यंत माझं रक्त उकळत होतं. राहू देणार नाही.

१६ एप्रिल

हुसेनभाईंचं पंक्चरचं दुकान भिंतीच्या बरोबर समोर आहे. नौमानला दोन्ही वेळचा चहा तेच देतात. आई त्याच पुरात वाहून गेली, त्यांना मावशीनं वाढवलं. दुकानात सर्जेरावांचा फोटो आहे. दर एक मेला, सर्जेरावांच्या पुण्यतिथीला, ते त्या फोटोला हार घालतात. "त्या माणसानं मला मांडीवर घिऊन आणलं बाई. बापागत मानतो."

त्यांना काही सांगवेना. मांडीवर घेतलं होतं हे खरंच आहे की. पण कडी धरून पाण्यात कोण होतं?

१८ एप्रिल

समितीची मीटिंग. मी बोलायला उभी राहिले आणि आकाराम घड्याळ बघायला लागला!

"बाई, इतिहास हाय त्यो. इतिहासात ढवळाढवळ करू नका."

म्हटलं, आक्का जिवंत आहेत, जाऊन विचारा.

"म्हातारीचं वय झालंय. आन् एका पोरीनं एवढी काईल ढकलली म्हणं! कायतरीच. माझ्या आज्जानं सोता सांगितलंय मला, हुबा ऱ्हाऊन आणली म्हणून."

बाकीचे सगळे चहा पीत बसले. कुणीतरी म्हणालं, "एकाच भिंतीसाठी गावात दोन तट नकोत." तट! खरं बोललं की तट पडतात, खोटं रंगवलं की एकोपा! आज जेवण गेलं नाही. सासूबाईंनी ताक दिलं तेवढं घेतलं.

२१ एप्रिल

सुचलं!

आकारामला सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्या आजोबांनी पुरात उभं राहून आणली ना? तुम्ही बंधाऱ्याच्या साचलेल्या पाण्यात काईलीत उभं राहून दाखवा. उभे राहिलात तर मी माफी मागते आणि फेटा अजून वीतभर वाढवायला सांगते."

"त्यात काय हाय? ऱ्हातो की!"

सापडला!

२३ एप्रिल

हसून हसून पोट दुखतंय, पण सगळं नीट लिहून ठेवते.

शिवारातल्या गुऱ्हाळावरनं काईल आणली, ट्रॅक्टरवर घालून. निम्मं गाव बंधाऱ्यावर. शाळा सुटल्यावरची सगळी पोरं. हुसेनभाईसुद्धा दुकान टाकून आले. आकाराम पांढऱ्या कडक कपड्यांत. हातात वल्हं — तेही मागवलेलं! दोघांनी काईल धरली तोवर ऐटीत उभा होता. "सोडा!" म्हणाला. सोडली.

एक गिरकी. दुसरी पुरी व्हायच्या आत अध्यक्ष पाण्यात! वल्हं एकीकडं, चप्पल एकीकडं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. गुऱ्हाळावरच्या केरबानं उडी टाकली, त्याला धरून काईलीत बसवला, आणि कडी धरून पोहत काठाला आणला.

हुबेहूब! भिंतीवर जे असायला हवं होतं ते चित्र सगळ्या गावानं बघितलं. आत ओला आकाराम, पाण्यात केरबा. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आक्का आल्या नव्हत्या. मी निरोप पाठवला होता.

२५ एप्रिल

आकाराम घरी आला होता. चहा नको म्हणाला, मग घेतला. "फेटा ऱ्हाऊ दे बाई. तेवढा ऱ्हाऊ दे." म्हटलं, राहू दे. आपण बसलेल्या माणसाचा फेटा काढत नाही.

ठरलं! सर्जेराव बसलेले, पोर मांडीवर, आणि पाण्यात कडी धरलेली मुलगी. खाली नाव.

२८ एप्रिल

आक्कांना सांगायला गेले. वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल. त्या म्हणाल्या, "नाव घालणार? कुणाला इचारून?"

मला रागच आला, खरं सांगते. ज्यांच्यासाठी गावाशी भांडले त्यांनीच असं बोलावं! पण लाजतात त्या, दुसरं काय. जन्मभर कुणी नाव घेतलं नाही, आता घेतलेलं सोसत नाही.

३० एप्रिल

संध्याकाळी नौमाननं शेवटचा हात मारला. ऑइलपेंट, टपोरी पिवळी अक्षरं — 'बाळाबाई'. सर्जेरावांच्या नावाएवढीच मोठी, मी पट्टीनं मोजून घेतली! उद्या सकाळी झेंडावंदन झालं की पडदा उघडायचा. एका तरी बाईचं नाव ती जिवंत असताना भिंतीवर लागलं. किती दिवसांनी आज स्वस्थ वाटतंय.

१ मे

पडदा निघाल्यावर आक्का काठी टेकत पुढं आल्या. "माझं नाव कुठलं? वाचता येत न्हाय मला. बोट ठेव." मी कौतुकानं बोट ठेवलं. त्यांनी नौमानच्या डब्यातलं रॉकेलचं फडकं उचललं आणि नाव पुसून टाकलं. ओलंच होतं.

मग आक्का बोलल्या, भिंतीकडं तोंड करून. "कौलावरनं घेतल्याली तिघं हुती काईलीत. पाणी आत याय लागलं. एकानं उतराय पायजे हुतं. सर्जेरावानं दोनी हातांनी काठ धरलाता, डोळं मिटूनशान. जुलेखा उठली. लेकरू त्याच्या मांडीव ठिवलं आन् म्हागारी कौलाव चढली. म्हणली, जा तू. म्या म्हणलो, आलोच. परत गेलो तर कौलं न्हाईत, काय न्हाय. हुसेनला कुठल्या तोंडानं सांगणार हुतो?" आणि नौमानकडं वळून, "लिव. जुलेखा. हुसेनची आई."

नौमाननं लिहिलं.

हुसेनभाई सर्जेरावांसाठी आणलेला हार हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभे होते. मग माझ्याजवळ आले. म्हणाले, "बाई, रंग वाळाय किती येळ लागंल?"