जिन्यातली काचपट्टी

२३ ऑगस्ट १९९९, सोमवार

पडद्यावर एल. आय. आणि गप्प! पुढे मेलं काही येतच नाही.

डिस्क रोशनची. तिसऱ्या मजल्यावरचा, सिव्हिल डिप्लोमावाला. गेल्या सोमवारी मस्कतला गेला. त्याचा कॉम्प्युटर जळला म्हणून डिस्क काढून माझ्या हातात दिली. "संपदा, आपल्या जिन्यातल्या भेगेची मापं आहेत यात, दर रविवारची. काकांशी बोललोय मी. पण तूही बघ." काका म्हणजे माझे बाबा, सोसायटीचे सेक्रेटरी. बघ म्हणे! विंडोजऐवजी टाकलेलं तुझं लिनक्स माझ्या मशीनवर उठेल तेव्हा ना! ते सुरू करून देणारा प्रोग्रॅम म्हणजे लिलो; त्याची एल-आय-एल-ओ ही चारही इंग्रजी अक्षरं आली की उठतं. इथे दोनावरच अडलंय.

रविवारी मीटिंग. इंजिनीअर आणून बिल्डिंग तपासायची का, एवढाच विषय. बाबांचं ठरलेलं — "भेगेवर काचपट्टी चिकटवलीय ना? भिंत हलली तर काच तडकेल. तडकलीय? नाही ना? मग!"

खरंय. काच अख्खी आहे. बाजूच्या सिमेंटवर तारीख कोरलेली — ६ जून.

२४ ऑगस्ट

लिनक्सच्या पुस्तकात सापडलं. डिस्क तीच, पण माझी मशीन तिचे भाग वेगळ्या पद्धतीने मोजते. लिलो जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावतोय, तिथे कोणी राहतच नाही! फ्लॉपीवरून मशीन चालू करून तो नव्याने बसवायचा. रोशनचा मापांचा प्रोग्रॅम नुसत्या फ्लॉपीवर उघडत नाही, नाहीतर एवढा घोळच नव्हता. फ्लॉपी काढली तर तिला बुरशी. खाडीची हवा, दुसरं काय.

२५ ऑगस्ट

दुसऱ्या मजल्यावरच्या जाईबाईंचं दार परत अडकतंय. एकट्या राहतात, म्हातारं माणूस. सुतार म्हणे, "लकडी फूल गयी है." अरे, मागच्याच महिन्यात तासलंस की!

आईने आज जिना दोनदा झाडला. चुरा पडतोय. मला भीती वाटतेय.

२६ ऑगस्ट

नवी फ्लॉपी चालली. लिलो बसवला. रिस्टार्ट — आणि पडदाभर शून्य एक, शून्य एक, शून्य एक! माझाच गाढवपणा. बसवताना डिस्क दुसऱ्या वायरवर होती, मग मी ती पहिल्या वायरवर आणली. परत पत्ता चुकला.

बाबा चहा घेऊन आले. बाबा, आणि चहा! "सोड ना बाळा. काच शाबूत असताना मापं कशाला?" नखांत सिमेंट होतं. "कुंडी सांधली," म्हणाले.

आमच्या दोन्ही कुंड्या प्लास्टिकच्या आहेत.

२७ ऑगस्ट

ऑफिसला जाताना काचेपाशी थांबले. जुलैत तिच्यावर बोटभर धूळ होती. आज चकचकीत. मशीनला हात लावला नाही. धीरच झाला नाही.

२८ ऑगस्ट, शनिवार

लिलो! चारही अक्षरं. डिस्क पहिल्या वायरवर ठेवूनच बसवला. दुपारी दोन वाजता उठलं एकदाचं.

६ जून, दोन मिलिमीटर. १८ जुलै, चार — "काच तडकली. काकांना सांगितलं." २५ जुलै — "नवी काच! तारीख जुनीच का?" ८ ऑगस्ट, सात — "पुन्हा तडकली." १५ ऑगस्ट — "पुन्हा नवी. संपदाला कसं सांगू?"

तोंडावर का नाही बोललास रे!

बाबांना वाचून दाखवलं. चिडतील वाटलं, तर खालीच बसले. "चार काचा बदलल्या. त्यातल्या दोन रोशन गेल्यावर." "लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीतून आणलं तुम्हाला. बिल्डिंग खाली करा म्हणाले तर आईला घेऊन कुठे जाऊ?"

मी ओरडले. खूप ओरडले. माझे बाबा आहेत ते! उद्या मीटिंगमध्ये स्वतः सांगणार म्हणाले. अकरा वाजता.

२९ ऑगस्ट, रविवार

सकाळी सात वाजता काच फुटली. आवाज घरात आला. बाबांनी सिमेंट कालवलं नाही. चपलाही न घालता एकेक बेल वाजवत गेले — "बाहेर निघा! सगळे बाहेर!"

समोरच्या मैदानात बसून लिहितेय. आई माझ्याजवळ आहे. सगळे उतरलेत. बाबा अजून दुसऱ्या मजल्यावर आहेत — जाईबाईंचं दार उघडत नाहीये.