कातडीची घडी

ता. ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून आकडा देते: अकरा महिन्यांपूर्वी ११८ किलो, आज ७३. कारखान्यात सगळे कौतुक करतात. स्टोअरकीपर म्हणाला, अर्धी मुलगी कुठे ठेवून आलात. ती कुठेही गेलेली नाही. तिची कातडी माझ्याच अंगावर लोंबते आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या वॉर्डात तू नर्स म्हणून तीस वर्षं काढलीस, म्हणून तुलाच लिहिते. पोटाची कातडी मांडीवर ओघळली आहे. तिच्या घडीखाली लालभडक झालंय, पाणी सुटतं आणि आंबलेल्या फडक्याचा वास येतो. मला स्वतःची शिसारी येते. अंघोळ मी भिंतीकडे बघत करते.

उपाय चालू आहे. आमच्या चाचणी विभागात कच्च्या रबराचे तक्ते चिकटू नयेत म्हणून मध्ये शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, पूड भुरभुरतात. तीच डबाभर घरी आणली. दिवसातून तीनदा, जाड थर. आठवड्यात फरक नाही. प्रमाण चुकतंय का, एवढंच कळव. येऊ नकोस, आणि आईला सांगू नकोस.

तुझा लोभ आहे तेवढा पुरे, वाढवला नाहीस तरी चालेल.
तुझी भाची

ता. ८ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. नाव आता शोभत नाही, पण जिभेला कोण समजावणार.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. एवढी शिकलीस आणि स्वतःला रबराचा तक्ता समजलीस? रबराला घाम येत नाही, बाई. पूड घाम पिते, तिचा चिखल होतो आणि त्यात बुरशी सुखाने नांदते. आधी ती धुऊन काढ. कोमट पाणी, सौम्य साबण, चोळायचं नाही. मऊ कापडाने टिपून घे, घडी उचलून वारा लागू दे, मध्ये स्वच्छ सुती पट्टी ठेव आणि ओली झाली की बदल. मलम मनाने लावू नकोस, त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

आणि खातेस काय ते खरं लिही. कातडी पूर्ववत आवळेल असं खोटं सांगणार नाही, पण उपाशी अंगाची जखम भरत नाही.

तुझ्या आईला सांगितलं नाही. पोटात दुखतंय त्यामुळे.
मावशी

ता. १३ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

पूड धुतली. करड्या गोळ्यांनी मोरी तुंबली. ते गोळे हाताने काढावे लागले आणि मला उलटी झाली. सुती पट्टी ठेवते आहे. चार तासांत पिवळी होते.

खाण्याचं: सकाळी एक उकडलेलं अंडं, नंतर काकडी. दोन महिने हेच. वजन उतरायचं थांबलं होतं, म्हणून.

डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी पडद्यामागे जाऊन झोपायला सांगितलं. मी म्हणाले, मला खोकला आहे. त्यांनी छाती तपासली आणि औषध दिलं. बाटली न उघडता कपाटात ठेवली आहे. मी ती घडी कोणासमोर उचलू शकत नाही. जे मला बघवत नाही ते दुसऱ्याला का दाखवायचं?

रागावशील, पण लोभाला गालबोट लावू नकोस.
तुझी भाची

ता. १६ मार्च

ढब्बे,
आशीर्वाद नंतर.

किळस मलाही यायची. पहिल्या वर्षी तर मी वॉर्डातून घरी आले की जेवत नसे. पुढे कमी झाली, पण गेली नाही. किळस आली म्हणून कोणाची जखम धुवायची राहिली नाही, इतकंच.

आता सांगते ते कर. लाली जिथे संपते तिथे कातडीवर पेनाने रेघ काढ. लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. तिथे तोंडाने सांगवत नसेल, तर माझं हे पत्र पुढे कर.

एका अंड्यावर माणूस जगत नाही. डाळ, दूध, जेवण.
मावशी

ता. २२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रेघ काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाली दोन सेंटिमीटर बाहेर होती आणि ताप १०१. दवाखान्यात पत्र पुढे केलं. डॉक्टरांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, खोकला बरा आहे का. मी हो म्हणाले.

तीन दिवस तिथे ठेवलं. सिस्टर एकटीच होती, म्हणून धुताना घडी मलाच धरायला सांगितली. दोन्ही हातांत, चांगली पंधरा मिनिटं. जड आहे आणि गरम आहे. वास सिस्टरलाही आला असणार, कारण तिने तोंडाने श्वास घेतला. पण हात थांबला नाही. तिने माझ्या चपलांची चौकशी केली, कुठून घेतल्या म्हणून.

ताप उतरला. लाली रेघेच्या आत आली आहे. डाळ खाते आहे, वजन सातशे ग्रॅमने वाढलं, ते मला आवडलेलं नाही. किळसही आहे तशीच आहे.

एक अडचण. पाठीच्या खाली, कमरेवर, आणखी एक घडी आहे. ती ओली लागते. दोन आरसे लावून पाहिलं, दिसत नाही. हात पोचतो, पण टिपता येत नाही. शनिवारी मला सुट्टी आहे. ये. नाक मुरडलंस तरी चालेल.

तुझी वाट पाहणारी,
ढब्बू