ताडकळसची माध्यान्ह

ताडकळस,
बुधवार, २९ जुलै २०२६

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. आईलाही सांगा. तुमच्या नातवाचा, पियुषचा, खोकला थांबला. पाऊस येतो-येतो म्हणतो आणि जातो. सोयाबीन बरं आहे. आज शाळेत गुरुपौर्णिमा झाली. मुलींनी पाया पडून मला गुलाबाची फुलं दिली आणि मला ती घ्यायची लाज वाटली. का, ते पुढे लिहिते.

पत्र लिहावं लागतंय, कारण दोन वर्षं झाली, माझा फोन आला की तुम्ही "घे, तुझ्या लेकीचा आहे" म्हणून आईकडे देता. पत्र तरी आईला वाचायला देऊ नका.

परवा सोमवारी आमच्या शाळेत शून्य सावलीचा कार्यक्रम होता. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते, हे तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, म्हणून जुलैचा दिवस धरला. महिनाभर राबले. आठवीच्या मुलींकडून चार तक्ते करून घेतले. पहिल्यात पृथ्वी मधोमध, दुसऱ्यात सूर्य मधोमध, तिसऱ्यात आपला सूर्यच आकाशगंगेत एका बाजूला, आणि चौथ्यात आपली आकाशगंगा म्हणजे अब्जावधींतला एक ठिपका. दैवशाला नावाची धीट पोरगी आहे, तिनं भाषण केलं. "माणसानं जेव्हा जेव्हा नीट मोजलं, तेव्हा तेव्हा तो मधून बाजूला सरकला." हे वाक्य मी लिहून दिलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता.

मैदानात टेबल मांडून त्यावर तीन फुटांचा पाइप उभा केला. टेबलाचा एक पाय आखूड होता. ऐनवेळी हाताला लागलं ते काहीतरी दुमडून पायाखाली सरकवलं आणि टेबल डगडगायचं थांबलं.

शिक्षण विस्तार अधिकारी साहेबांना एक वाजता पूर्णेत दुसरा कार्यक्रम होता. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, बाराला ठेवा." मी म्हटलं, बाराच. बारा म्हणजे माध्यान्ह, त्यात विचारायचं काय! पत्रिकेवरही ठळक छापलं.

बारा वाजले. ऊन नेमकं लख्ख पडलेलं. दोनशे पोरं, पाच-पन्नास पालक, सगळे पाइपाकडे डोळे लावून. आणि सावली चांगली अर्धी वीत! बारा-पाच झाले, बारा-दहा झाले. मुख्याध्यापक म्हणाले पाइप वाकडा असेल. मी ओळंबा लावून दाखवला, पाइप सरळ होता. मी ढगांचं काहीतरी बोलले, जणू ढगांमुळे सूर्य जागचा हलतो. शेवटी साहेब उठले. "बाई, तुम्ही सोनपेठच्या माधवराव जोश्यांच्या लेक ना? मग वडलांना विचारून मुहूर्त काढायचा होता की!"

सगळं मैदान हसलं, बाबा. मीसुद्धा हसले. तोंड लपवायला दुसरं काय होतं?

पोरं खिचडीच्या रांगेत गेली. मनकर्णाबाई तेवढ्या थांबल्या. त्यांची नात सहावीत आहे, घरी मेंढरं आहेत. त्या आपल्या पायांकडे बघत म्हणाल्या, "बाई, कशाला रडकुंडीला यायलात? बारा वाजलेच न्हाईत आजून. माझी सावली बगा की, पायाच्या भाईर हाय. मेंढरं बी आजून एकमेकाच्या पोटाखाली मुंडकी घालायली न्हाईत."

"घड्याळात वाजून गेले हो," मी चिडूनच म्हटलं.

"घड्याळाला काय इचारायलात? घड्याळ काय उनात उभं ऱ्हातंय?"

बारा वाजून एकोणतीस मिनिटांनी सावली गेली. पाइपाच्या बुडाशी काहीच उरलं नाही. साहेबांची गाडी तेव्हा कुठे फाट्यावर पोचली असेल. बघायला मी आणि मनकर्णाबाई. दोनशे पोरांच्या डोक्यात आता कायमचं बसलं, की विज्ञानाच्या बाईंचा प्रयोग फसला. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं उलगडून सांगितलं, तर एक जण म्हणाला, "बाई, आता काय उपयोग?"

संताप येतो तो याचा, की हे मला माहीत होतं. मी नऊ वर्षांची असताना तुमच्या अंगणातल्या, सावली मोजायच्या शंकूच्या टोकाला दोरा मीच धरायची. सावली मोजून वहीत लिहिल्याशिवाय आई पान वाढायची नाही, आणि भूक लागली म्हणून मी रडले की तुम्ही म्हणायचात, "घड्याळातले बारा मिर्झापूरचे असतात, ईश्वरी. आपले अजून व्हायचेत." ढग असले की तुम्ही वहीत "दिसले नाही" एवढंच लिहायचात. अंदाजानं आकडा कधी घातला नाहीत. मी मात्र चार तक्ते लावून जगाला सांगत होते की आपण मधोमध नाही, आणि स्वतः मिर्झापूरचे बारा, ज्यावर सगळ्या देशाची घड्याळं लावतात ते, ताडकळसच्या डोक्यावर मारत होते.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. दोन वर्षांपूर्वीची, केयूरदादाच्या परभणीच्या घराची वास्तुशांत. तुम्ही पाहुण्यांना सूर्य कुठल्या राशीत फिरतोय ते समजावत होता आणि मी पंगतीतून मोठ्यानं म्हटलं, "बाबांची पृथ्वी अजून मधोमधच आहे, आणि पृथ्वीच्या मधोमध बाबा." तुमचे यजमान हसले. व्याही हसले. तुम्ही पंचांग पिशवीत घातलंत आणि न जेवता उठलात. तेव्हा मला वाटलं, काय हे रुसणं! परवा मैदानात कळलं की त्या हसण्याला आवाज किती मोठा असतो.

आणि टेबलाच्या पायाखाली काय होतं तेही सांगून टाकते. तुमचं पंचांग होतं. पाडव्याला दादाबरोबर पाठवलेलं. चार महिने मी ते उघडलंसुद्धा नाही. सगळं आवरताना ते ओढून काढलं, झटकलं, तर आषाढाच्या पानातून तुमच्या अक्षरातली चिठ्ठी खाली पडली. शून्य छाया, २७ जुलै, माध्यान्ह १२.२९.

पण बाबा, माझाही राग आहे आणि तो मी गिळणार नाही. एक फोन करायला काय झालं होतं? कार्यक्रम बाराला ठेवलाय हे आईनं तुम्हाला पंधरा दिवस आधी सांगितलं होतं. परवा रात्री फोनवर ती मला म्हणाली, "मी सांगितलं तर नुसते हसले, म्हणाले तिच्याकडे लिहिलेलं आहे." लिहिलेलं आहे! मी ते उघडत नसेन हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? की ठाऊक होतं म्हणूनच गप्प राहिलात? तुमची लेक आहे मी, हट्ट कुठून आला ते कुणाला विचारायला जायची गरज नाही.

एवढ्यावर पत्र संपलं असतं. पण काल आईचा फोन आला. आवाज दबलेला. "ईश्वरी, हे वह्या बांधायलेत गं. सगळ्या. दिव्याच्या अवसेला गंगेत सोडतो म्हणायलेत. म्हणतात, आता मोबाइलवर सगळं दिसतंय, लेकीलाही नको, ठेवून कुणासाठी?"

बाबा, सोडू नका.

मी आजवर चारशे पोरांना शिकवलेली गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. टायको ब्राहे नावाचा एक माणूस होता. दुर्बीण निघायच्या आधी, नुसत्या डोळ्यांनी, वीस-वीस वर्षं तो ग्रहांच्या जागा मोजून लिहीत राहिला. तोही पृथ्वीच मधोमध मानायचा, शेवटपर्यंत मानत होता. पण आकडा खोटा लिहायचा नाही. तो गेल्यावर त्याच्या नोंदी केपलरच्या हाती लागल्या आणि त्यातूनच ग्रहांची खरी वाट सापडली. त्याचं चित्र चुकलं होतं, मोजमाप नव्हे. त्या नोंदी कुणी नदीत सोडल्या असत्या, तर माझ्या दुसऱ्या तक्त्यातल्या ग्रहांच्या वाटा चुकीच्याच राहिल्या असत्या. हे मला वर्गात पाठ म्हणता येतं, आणि घरी बेचाळीस वर्षांच्या वह्या लिहिणाऱ्या माणसाची मी पंगतीत टिंगल केली.

अवसेच्या आधीच्या रविवारी, नऊ तारखेला, मी पहिल्या एसटीनं निघते. वह्या मला हव्यात. पुढच्या मे महिन्यात सुट्टी असली तरी पोरांना बोलावणार आहे, आणि त्या टेबलापाशी वेळ सांगायला तुम्ही उभे राहायचं. पृथ्वी कुठे ठेवायची यावर आपण खुशाल भांडू. तुमचं मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. तुम्ही दार उघडलं नाहीत तर अंगणात शंकूपाशी बसेन, सावली सरेपर्यंत. भूक लागली तरी रडणार नाही.

चिठ्ठीतली दुसरी ओळ मात्र मी अजून कुणाला दाखवलेली नाही, मुख्याध्यापकांनाही नाही. पहिल्यांदा वाचताना माझ्या ती ध्यानातही आली नव्हती. "ही वेळ चि. ईश्वरीच्या गावची. सोनपेठची दोन मिनिटं मागाहून." दोन वर्षं माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, आणि त्या दोन वर्षांत कधीतरी वही घेऊन, चष्मा सारखा करून, मी कुठे आहे ते मोजत बसला होतात.

माझं चुकलं, बाबा.

तुमच्यापासून दोन मिनिटं पूर्वेला असलेली,
ईश्वरी
आषाढ शुद्ध पौर्णिमा. तिथी तुमच्याच पंचांगात पाहून लिहिली आहे.